कौसाबाईचे अकरा दिवस

रेवा पहिल्यांदा खोकली तेव्हा कुणी मान वळवूनही बघितलं नाही. नंदुरबारच्या त्या टोकाला हिवाळ्यात सगळेच खोकतात. रेल्वे फाटक ओलांडून पुढे गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरचीच्या पथाऱ्या लागतात. जमिनीवर नुसती लाल मिरची पसरलेली, आणि तिच्यात तोंडाला फडकी बांधून देठं खुडत बसलेल्या बाया. वारा तिकडून सुटला की शाळेतली पोरं शिंकतात, एसटीतले लोक खिडक्या ओढून घेतात, आणि पथारीला लागून ज्यांची घरं आहेत त्यांचे डोळे होळीपर्यंत लालच असतात. कौसाबाईचं घर असं अगदी पथारीला लागून. मागे पत्र्याचा तबेला, आणि तबेल्यात दोन जनावरं: रेवा नावाची चौदा वर्षांची पांढरी घोडी आणि तिचं आठ महिन्यांचं शिंगरू, चिमणी.

"मिरचीना ठसका शे," कौसाबाईचा नवरा गिरधर म्हणाला. "दोन दिनमा जाई."

कौसाबाईलाही तसंच वाटलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती चंदीचा तोबरा बांधायला गेली, तर रेवानं तोंड फिरवलं. भिजवलेल्या हरभऱ्याला घोडी तोंड फिरवते म्हणजे काय, हे कौसाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं घोडीचं डोकं जवळ ओढलं. दोन्ही नाकपुड्यांतून पिवळट, चिकट शेंबूड ओघळत होता. जबड्याखाली हात घातला तर लिंबाएवढी गाठ लागली. गरम होती. हात लागताच रेवानं मागे झटका दिला.

कौसाबाईनं हात मागे घेतला. तिला मोती आठवला.

कौसाबाई आता छप्पन्न वर्षांची. माहेर प्रकाशाकडचं, तापीकाठचं, कापूस आणि केळीचं. घरी बैल होते, घोडं कधी नव्हतं. लग्न होऊन आली ती घोड्यांच्या शौकीन सासऱ्याच्या घरी, आणि पहिली दोन वर्षं ती तबेल्याच्या अंगानं पाणी भरायलासुद्धा जायची नाही. मग सासऱ्याला अर्धांगवायू झाला. गिरधर तेव्हा मार्केट यार्डात काट्यावर कामाला, सकाळी गेला की दिवे लागले तरी परत नाही. धाकटा दीर प्रेमचंद आधीच वेगळा निघालेला. दोन घोडी दिवसभर उपाशी खिंकाळत उभी राहायला लागली, तेव्हा खाटेवरून सासरा अर्ध्या तोंडानं सांगायचा आणि ही करायची. खरारा कसा करायचा, खूर कसा उचलून धरायचा, मागच्या पायांची दोरी, पिछाडी, कधी सैल सोडायची. शिकता शिकता भीती कधी गेली ते तिलाही कळलं नाही. सासरा गेल्यावर लग्नाच्या वरातीत घोडी घेऊन ती स्वतःच जाऊ लागली. शहाद्याच्या पहिल्या वरातीत बँडवाले हसले होते. डोक्यावर पदर घेतलेली बाई लगाम धरून पुढे, आणि मागे नवरदेव! आता वीस वर्षं झाली. कितीतरी नवरदेव घाबरून रिकिबीत पाय घालायला तयार नसतात, त्यांना ती हळूच म्हणते, "बाबा, मी पन घाबरे. चढ, तिले कळस."

मोती म्हणजे रेवाच्या आधीचा घोडा. दहा वर्षांपूर्वी त्याचं पोट दुखायला लागलं. लोळायचा, उठायचा, स्वतःच्या बरगड्यांकडे बघायचा. डॉक्टर यायला वेळ होता. कौसाबाईला तो वेळ सोसवेना. कुणी सांगितलं फिरवा, तिनं त्याला पाय लटपटेपर्यंत फिरवलं. कुणी सांगितलं तेल पाजा, तिनं त्याचं डोकं दोरीनं वर बांधलं आणि बाटलीनं तेल घशात ओतलं. पोट दुसऱ्या दिवशी मोकळं झालं, पण तेल फुप्फुसात उतरलं होतं. चौथ्या दिवशी मोती गेला. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी तोंडावर सांगितलं, "पोटानं नाही मेला बाई. तेलानं मेला."

ते वाक्य कौसाबाईनं कुणाला सांगितलं नाही, गिरधरलासुद्धा. पण त्या दिवसापासून घरात कुणालाही साधा ताप आला की ती हात पदराखाली घ्यायची. काहीतरी करायला हवं असं वाटायचं, आणि आपण काही केलं तर वाईटच होईल असंही वाटायचं.

म्हणून रेवाच्या गळ्याखालची गाठ हाताला लागली तशी ती तबेल्यातून बाहेर आली आणि हात पदराखाली धरून उभी राहिली. गिरधरला म्हणाली, "डॉक्टरले फोन करा. मी हात लावाव नही."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर चेतना बत्तीस-तेहतीसच्या. दुपारी आल्या त्या स्कूटीवरून, आणि तबेल्याच्या दारातच त्यांनी हातमोजे आणि मास्क चढवले. गुरांच्या डॉक्टरनं मास्क लावलेला कौसाबाईनं आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी रेवाचा ताप घेतला, एकशे चार. नाकपुड्यांत टॉर्च मारून बराच वेळ बघितलं. मग चिमणीला तपासलं. तिलाही ताप होता, गाठ मात्र अजून नव्हती.

"यात्रेला नेली होती का घोडी?" त्यांनी विचारलं.

"डिसेंबरमा. दोन्हीले."

"हं." डॉक्टर बाहेर आल्या, हातमोजे उलटे करून पिशवीत टाकले. "मावशी, मला वाटतं ते सांगते, आणि नियमानं काय करावं लागेल तेही सांगते. दोन्ही वेगळं आहे, नीट ऐका. मला वाटतं हा स्ट्रँगल्स आहे. घोड्यांचा गळ्याच्या गाठींचा रोग. गाठ पिकते, फुटते, घोडं बरं होतं. बहुतेक होतं. पण नाकातून असंच वाहतं असा दुसराही एक रोग आहे, ग्लँडर्स. त्याला औषध नाही. तो माणसालाही होतो. तो निघाला तर जनावर ठेवता येत नाही, कायदाच आहे. मला तो दिसत नाही. पण रक्त हरियाणातल्या प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय मी नाही म्हणू शकत नाही."

"ठेवता येत नाही म्हणजे?" गिरधरनं विचारलं.

डॉक्टरांनी तबेल्यातल्या दोघींकडे बघितलं. कौसाबाईला कळलं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"आठ. दहाही लागतील."

डॉक्टरांनी दोघींचं रक्त घेतलं. तोपर्यंत घोडी दारातून हलवायची नाही, वरात नाही, दुसऱ्या कुणाचं जनावर इकडे नाही. कौसाबाईनं एकटीनंच आत जायचं, हातमोजे आणि मास्क लावून, बाहेर आलं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. माय-लेकीची पाण्याची भांडी वेगळी. मग त्या जायला निघाल्या आणि थांबल्या. कौसाबाई अजून पदराखाली हात धरूनच उभी होती.

"मावशी, तुम्हाला फार भीती वाटतेय."

कौसाबाईनं मग आयुष्यात पहिल्यांदा मोतीचं सांगितलं. तेलाचंही सांगितलं. गिरधर शेजारीच उभा होता.

चेतना डॉक्टरांनी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला कामं ठरवून देते. दिवसातून दोनदा ताप. पाणी किती बादल्या प्यायली. चारा किती खाल्ला. श्वास मिनिटाला किती. एवढंच बघायचं आणि दारावर लिहायचं. गाठीला कोमट पाण्याचा शेक, बाकी काही लावायचं नाही, तोंडातून काही ओतायचं नाही. या चारांत काही बिघडलं तर मला फोन. बिघडलं नाही तर काळजी वाटली तरी फोन करायचा नाही."

"आणि रिपोर्टनं?"

"रिपोर्टचं तुम्ही काय करणार आहात?"

कौसाबाई खडू शोधायला घरात गेली.

त्या दिवसापासून तबेल्याच्या पत्र्याच्या दारावर खडूच्या ओळी वाढू लागल्या. रेवा एकशे चार, दोन बादल्या, अर्धा तोबरा, बावीस. चिमणी एकशे तीन, एक बादली, घास खाल्ला, चोवीस. लसूणघास ती बोटभर कापून पाण्यात भिजवायची, कोंड्याची पातळ पेज करायची, कारण रेवाला गिळताना त्रास व्हायचा. गोणपाट कोमट पाण्यात बुडवून गाठीवर धरायचं, थंड झालं की पुन्हा बुडवायचं. घोडी पहिल्या दिवशी झटके द्यायची. तिसऱ्या दिवशी स्वतःच मान खाली आणून कौसाबाईच्या खांद्यावर टेकवू लागली. ओझं एवढं, की खांदा दुखून यायचा.

काळजी होतीच. पेज ढवळताना, चूल फुंकताना, अंघोळ करताना तिच्या मनात एकच चित्र यायचं: दारात सरकारी गाडी, हातात कागद घेतलेली माणसं. मग ती उठून तबेल्याकडे निघायची. आणि दारावरच्या ओळी बघून थांबायची. आत्ता तासापूर्वीच तर बघितलं. सगळं तसंच आहे. परत वळायची. असं दिवसातून दहा वेळा व्हायचं. पण दहातून दोन-तीन वेळा ती खाटेवर बसल्या बसल्याच स्वतःला अडवू लागली.

तबेल्याच्या कुडापलीकडे पथारीवर सोनीबाई काम करायची. मोलगीकडच्या डोंगरातली, दरवर्षी मिरचीच्या हंगामाला यायची आणि पथारीच्या कोपऱ्यात पाल टाकून राहायची. तिची आणि कौसाबाईची जुनी ओळख. मास्क लावलेली कौसाबाई बघून ती आधी हसली, मग गंभीर झाली. कौसाबाईनं कुडापासून दहा हातांवर सुतळी बांधली होती, तिच्या अलीकडे यायचं नाही असं तिला बजावलं होतं.

"आमच्या घोड्याला झालं होतं असं," सोनीबाई सुतळीपलीकडून म्हणाली. तिच्या घरी पाड्यावर सामान वाहायला एक तट्टू होतं. "गळ्याला गाठ आली, फुटली, आणि उठलं."

कौसाबाईचा चेहरा उजळला.

"पण दुसऱ्या वर्षी भावाचं घोडं तसंच मेलं," सोनीबाई म्हणाली. "म्हणून मी काही सांगत नाही. तू बघ."

कौसाबाईला राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटलं. गेले चार दिवस जो तो येऊन 'काही होत नाही' म्हणून जात होता, नाहीतर 'जपून राहा' म्हणून भुवया चढवत होता.

पाचव्या दिवशी रेवाची गाठ मऊ झाली आणि सहाव्या दिवशी पहाटे आपोआप फुटली. डॉक्टर येऊन जखम धुऊन गेल्या. संध्याकाळी ताप एकशे एकवर. घोडीनं तोबरा पुसून खाल्ला. गिरधर दारातून ओळी वाचून म्हणाला, "आते सुटनूत!" पण कौसाबाईची नजर चिमणीकडे होती. शिंगराच्या गळ्याखाली गाठ आली होती, आणि ती जबड्याखाली नव्हती. आणखी मागे, कानाच्या खाली, घशाला चिकटून होती.

त्याच संध्याकाळी प्रेमचंद आला. मोटरसायकल बाहेर लावून तो अंगणातच उभा राहिला. कौसाबाईचा हा दीर आता फाट्यावर हार्डवेअरचं दुकान चालवायचा. घोड्यांचा नाद त्यालाही होता. चिमणी जन्मली त्या दिवशी पेढे त्यानं वाटले होते.

"वहिनी, शिंगरू माले द्या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "साक्रीले सासरवाडीना मळा शे. मी टेंपोमा लई जास. कोणले काही सांगू नका."

"काबरं?"

"कागद उना, का मंग कोणी ऐकाव नही. दोन्हीले मारतीन. घोडी तं म्हातारी शे. शिंगरू तरी वाची जाई."

खोटं कशाला सांगायचं, कौसाबाईच्या मनात हे येऊन गेलेलं होतं. दोनदा. एकदा तर तिनं चिमणीचा दोर सोडून हातातही घेतला होता.

गिरधर म्हणाला, "त्यानं म्हननं खरं शे, कौसा."

"तठे मळामा घोडं शे ना?" कौसाबाईनं विचारलं.

"दोन घोड्या शेतस."

"त्या आजारी पडन्यात तं?"

प्रेमचंद वैतागला. "वहिनी, तुम्ही आपलं दखा ना आधी!"

"आपलंच दखी ऱ्हायनू भाऊ. त्या घोड्यासले चारा टाकनारी तुन्ही सासू शे. तिन्हा हातमा हातमोजा नहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "मी देस नही."

प्रेमचंद मोटरसायकलला किक मारून गेला. गिरधर रात्रभर तिच्याशी बोलला नाही. आणि सकाळी ती तबेल्यात गेली तेव्हा, आपण चिमणीचं मरण आपल्या हातानं लिहून घेतलं की काय, या विचारानं तिला दारावर खडू टेकवता येईना. मोतीच्या वेळी केलं म्हणून गेला. आता केलं नाही म्हणून गेली तर?

तिनं खडू खाली ठेवला. मग थर्मामीटर घेतलं. एकशे चार पूर्णांक दोन. लिहिलं.

सातव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला चिमणीच्या श्वासाला आवाज यायला लागला. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा. मान पुढे ताणून, नाकपुड्या फाकवून ती उभी होती. पेजेला तिनं तोंड लावलं नव्हतं. कौसाबाईनं घड्याळ धरून मोजायला सुरुवात केली आणि विसाच्या पुढे तिचा हिशोब चुकला. पुन्हा मोजलं, पुन्हा चुकला. स्वतःच्याच छातीची धडधड मध्ये येत होती.

तिनं फोन लावला. डॉक्टर चेतना मोलगीच्या पुढे लसीकरणाला गेल्या होत्या. चौथ्यांदा फोन लागला, आवाज तुटत होता.

"श्वास किती?"

"मोजाले जमी नही ऱ्हायनं, बाई."

"जमेल. पूर्ण एक मिनिट मोजा. हिरड्या बघा, गुलाबी आहेत का निळ्या. मी निघतेय, तीन तास लागतील. चाळीसच्या वर गेले किंवा हिरड्या निळ्या पडल्या, तर दवाखान्यातले परिचर इंजेक्शन घेऊन येतील, त्यांना सांगून ठेवते. चाळीसच्या खाली असेल तर शेक द्या, शांत ठेवा, गाडीत चढवू नका. चढवताना घाबरली तर श्वास बंद पडेल. मावशी, ऐकू येतंय ना? गाडीत नाही."

फोन तुटला.

सोनीबाई सुतळीपलीकडे येऊन उभी होती. तिच्या ओटीत मिरच्या होत्या. "तू फक्त हो म्हण," ती म्हणाली. "मी टाकते."

मग कौसाबाई चिमणीच्या बरगडीवर हात ठेवून बरगडी वर आली की "हो" म्हणायची, आणि सोनीबाई एक मिरची जमिनीवर टाकायची. गिरधर घड्याळ बघत होता. मिनिट झालं तेव्हा सोनीबाईनं ढीग मोजला. "चौतीस."

अर्ध्या तासानं छत्तीस. मग पुन्हा छत्तीस. हिरड्या फिक्या होत्या, पण गुलाबी.

दोन वाजता प्रेमचंद टेंपो घेऊन आला. गिरधरनंच फोन केला होता. त्याच्याबरोबर टेंपोवाला होता, आणि प्रेमचंदच्या खिशात नवं ब्लेड होतं. "धुळ्याला नेऊ," तो म्हणाला, "नाहीतर मी गाठ कापतो. पू निघाला की झालं. तिचा जीव चालला, आणि तुम्ही मिरच्या मोजून राहिल्यात!" रागाच्या भरात तो दुकानात बोलतो तशी मराठी बोलत होता.

चिमणीनं आवाज ऐकून मान झटकली आणि करवतीचा सूर एकदम वाढला. टेंपोचं मागचं फाळकं उघडं होतं. गिरधर कौसाबाईकडे बघत होता. काहीतरी करायचं तर ते समोर तयार होतं. फक्त मान हलवायची होती.

तिनं गाठीवर बोट दाबलं. कडक. कडेला एक रुपयाएवढी जागा थोडी मऊ, बाकी दगड. त्याच्या खालीच कुठेतरी मोठी शीर ठणठण उडत होती, ती बोटाला कळत होती.

"कच्ची शे," ती म्हणाली. "ब्लेड खिशामा ठेव. आनि टेंपो बंद कर, त्याना आवाजले ती घाबरस."

"वहिनी..."

"चाळीस व्हयनात का मी सोता फोन करसू. आते छत्तीस शेतस. भाईर बैठ."

तिनं हे कुठून आणलं ते तिलाही सांगता आलं नसतं. प्रेमचंद बाहेर जाऊन टेंपोच्या फाळक्यावर बसला. कौसाबाईनं गोणपाट पुन्हा बुडवलं. शेक देताना ती चिमणीशी बोलत राहिली, सासरा बोलायचा तसं, शब्द काही नाहीत, नुसता जिभेचा टाळूला लावलेला आवाज. तीन वाजता अडतीस. सोनीबाईनं ढीग दोनदा मोजला. कौसाबाईनं फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि दाबला नाही. पुढच्या मोजणीला सदतीस. साडेतीनला छत्तीस. पथारीवरच्या बायांनी काम थांबवलं होतं. मुकादमानंही त्यांना हटकलं नाही.

चारला पाच कमी असताना जीप आली. डॉक्टर चेतनांच्या केसांत डोंगराची लाल धूळ होती. त्यांनी आल्या आल्या हात धुतले, मोजे घातले, गाठ चाचपली. "मऊ जागा कुठे लागली?" कौसाबाईनं बोटानं दाखवली. दोन तासांत ती जागा मोठी झाली होती. डॉक्टरांनी केस भादरले, सुई टोचून जागा बधिर केली, आणि शिरेला चुकवून बारीक चीर दिली. वाटीभर पू धारेनं बाहेर आला. चिमणी एकदा थरथरली. मग तिनं मान खाली सोडली आणि लांब, बिनआवाजी श्वास घेतला.

"मोजा," डॉक्टर म्हणाल्या.

"चोवीस," सोनीबाई म्हणाली.

चीर धुताना डॉक्टरांनी, आधी कुणी कापायला तर बघितलं नाही ना, असं विचारलं, तेव्हा प्रेमचंदनं स्वतःच ब्लेड काढून दाखवलं. "दोन तासांपूर्वी कापलं असतं," त्या म्हणाल्या, "तर शीर गेली असती." त्यांनी ते ओरडून सांगितलं नाही. प्रेमचंदनं ब्लेड परत खिशात घातलं.

रिपोर्ट अजून यायचाच होता. हे सगळं करून शेवटी कागद वाईट आला तर, हा विचार आठव्या, नवव्या, दहाव्या दिवशीही कौसाबाईच्या उशाशी होता. चिमणी खात होती, रेवाची जखम भरत होती, आणि सरकारी गाडीचं चित्र काही पुसलं जात नव्हतं. फक्त आता ती त्या चित्रात जाऊन बसत नव्हती. एकदा गिरधरनं विचारलं, "तुले भ्याव नही वाटत का?" ती म्हणाली, "वाटस. पन घास कापाना शे."

अकराव्या दिवशी सकाळी दहा वाजता डॉक्टरांचा फोन आला. ग्लँडर्स नाही. दोघींनाही नाही. कौसाबाई फोन कानाला धरून "हो बाई, हो बाई" एवढंच म्हणत राहिली. फोन ठेवून तिनं गिरधरला सांगितलं, आणि काट्यावर तीस वर्षं मिरचीची पोती तोलणारा तो माणूस ओट्यावर बसून हमसून हमसून रडायला लागला.

"तुम्ही काबरं रडी ऱ्हायनात?" ती म्हणाली. "दोन्ही जित्त्या शेतस." आणि मग तिलाही हुंदका आवरेना.

आणखी महिनाभर दोघींना बाहेर काढायला बंदी होती, कारण बरं झालेलं जनावरही रोग पसरवतं. लग्नाचे दिवस होते. ज्यांना शब्द दिला होता त्या प्रत्येकाला कौसाबाईनं स्वतः फोन केला आणि कारण लपवलं नाही. दोघांनी समजून घेतलं, एकानं बरंच बोलून घेतलं. प्रेमचंद आठवडाभर आला नाही. मग एका रविवारी घासाचा भारा घेऊन आला, सुतळीपाशी ठेवून म्हणाला, "साक्रीनी सासूले काही सांगू नका," आणि चहा पिऊन गेला. सोनीबाई होळीला डोंगरात परतली.

चिमणीच्या कानाखाली बिनकेसांची रेघ राहिली. रेवा बरी झाली, पण चार पावलं दुडकी चालली की तिचा श्वास शिटीसारखा वाजतो. डॉक्टरांनी सांगितलं, वरात आता तिला झेपणार नाही.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी फाटकाकडून वरात आली. घोडी दुसऱ्या कुणाची होती. बँड जवळ आला तसे रेवानं कान टवकारले, मान कमानीसारखी वळवली, आणि तबेल्यासमोरच्या अंगणात एकेक पाय उचलून तालावर नाचायला लागली. गिरधर तिला थांबवायला उठला. कौसाबाईनं त्याचा हात धरला. तिनं रेवाच्या बरगड्यांकडे बघितलं, थोडा वेळ नाचू दिलं, आणि शिटी वाजायच्या आधी जवळ जाऊन मानेवर थाप मारली.

"बस व्हयनं, बाय," ती म्हणाली, आणि तिला आत घेऊन गेली.